प्रत्यक्षार्थवाद मेला म्हणतात, पण प्रेत कुणी पाहिलंय का?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.५०

रविवारी सकाळी कामाटीबागेत आमचा पाच-सहा जणांचा कट्टा असतो. चालणं नावापुरतं, मग बोलणं, मग सेव-उसळ. काल तिथे दोन तरुण मंडळींची जुंपली. एकजण कसल्याशा ऊर्जेच्या कंपनांबद्दल सांगत होता. दुसऱ्याने साधंच विचारलं, "मोजायची कशाने?" त्यावर पहिला ताडकन म्हणाला, "तू म्हणजे अगदी पॉझिटिव्हिस्ट आहेस!" आणि गंमत अशी की ज्याला म्हटलं तो ओशाळला. शिवी बरोबर बसली. घरी येऊन हे सौ.ला सांगितलं, तर ती म्हणते, "पॉझिटिव्ह असण्यात ओशाळायचं काय?"

म्हणून हा धागा. सकारात्मक विचारांशी याचा काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठीत कुणी प्रत्यक्षार्थवाद म्हणतं, कुणी नुसतं प्रत्यक्षवाद. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, तत्त्वज्ञान हा फावल्या वेळचा नाद. चुकलो तर कान धरा.

शब्द रूढ केला ऑग्यूस्त कोंत या फ्रेंच गृहस्थाने (१७९८–१८५७). माणसाची समजूत आधी देवादिकांच्या, मग अमूर्त तत्त्वांच्या आणि शेवटी शास्त्राच्या टप्प्यावर येते, असं त्याचं म्हणणं. शास्त्राने 'मुळात का' या प्रश्नाच्या नादी लागू नये, घटनांमधले नियम शोधावेत, बस. ब्राझीलच्या झेंड्यावर 'सुव्यवस्था आणि प्रगती' असं लिहिलेलं असतं ते याच्याच शिकवणीतून आलेलं. याच कोंतने १८३५ साली लिहून ठेवलं की ताऱ्यांची अंतरं, आकार, गती आपल्याला कळतील, पण ते कशाचे बनलेत हे कधीच कळणार नाही. बिचारा १८५७ ला गेला आणि १८५९ मध्ये किर्शहोफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटातल्या रेघांवरून सूर्यात कोणती मूलद्रव्यं आहेत हे सांगायला सुरुवात केली. दोन वर्षांनी हुकलं.

मग अन्स्ट माख (१८३८–१९१६). अणूचं नाव काढलं की हा विचारायचा म्हणे, "तुम्ही पाहिलाय का एखादा?" याच हट्टाने त्याने न्यूटनच्या निरपेक्ष अवकाशावर बोट ठेवलं आणि ते तरुण आइन्स्टाइनच्या कामी आलं. आणि याच हट्टाने अणूंच्या बाबतीत तो तोंडघशी पडला. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने पाण्यातल्या कणांच्या थरथरीचं गणित मांडलं, पेरँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ते प्रयोगाने तपासलं. १९१३ च्या पुस्तकात पेरँने तेरा वेगवेगळ्या वाटांनी ॲव्होगाड्रोचा आकडा (एका मोल पदार्थात किती कण असतात तो) काढून दाखवला आणि सगळ्या वाटा साधारण ६ × १०^२३ च्याच गावाला पोचल्या. तेरा साक्षीदार एकमेकांना न भेटता तीच हकिगत सांगत असतील तर बँकेतसुद्धा आम्ही चेक पास करायचो.

तिसरी पिढी व्हिएन्नाची. १९२२ मध्ये मोरिट्झ श्लिक तिथे प्राध्यापक म्हणून आला, भोवती कार्नॅप, नॉयराथ, हान अशी मंडळी जमली. १९२९ मध्ये जाहीरनामा काढला. यांचा मुद्दा कोंतपेक्षा तिखट. ते म्हणाले, वाक्य दोनच तऱ्हांनी अर्थपूर्ण होतं. एक, ते तर्काने किंवा गणिताने खरं असेल. दोन, ते अनुभवाने पडताळता येत असेल. बाकी सगळं चूकसुद्धा नव्हे, नुसतं निरर्थक.

यातली गोची बहुतेकांना ठाऊक असते. 'पडताळता येतं तेच अर्थपूर्ण' हे वाक्य स्वतः पडताळायचं कसं? शिवाय 'तापवल्यावर सगळे धातू प्रसरण पावतात' हेही पुरतं पडताळता येत नाही, कारण सगळे धातू कुणी तापवलेत? म्हणजे विज्ञानाचे नियमच निरर्थकांच्या रांगेत. एयर या तत्त्वज्ञाने इंग्लंडात नियम सैल करून पाहिला, तर १९४९ मध्ये अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाने दाखवलं की या सैल जाळ्यातून कुठलंही वाक्य निसटू शकतं.

आता माझं म्हणणं. मेला तो 'अर्थपूर्ण काय' हे ठरवणारा एक नियम. तो मारणारेही बरेचसे घरचेच होते. कार्नॅपने १९३६–३७ मध्येच पूर्ण पडताळा सोडून 'पुष्टी मिळू शकते का' एवढ्यावर समाधान मानलं. मरण्याचं खापर पॉपर, क्वाइन, कून या टीकाकार तत्त्वज्ञांवर फोडतात, आणि पॉपरने तर आत्मचरित्रात ते आपण होऊन डोक्यावर घेतलंय. पण कूनचं १९६२ चं पुस्तक पहिल्यांदा छापलं ते याच व्हिएन्नावाल्यांच्या एकीकृत विज्ञानाच्या ज्ञानकोशात, संपादकांत कार्नॅप! मारेकऱ्याला घरात बोलावून चहा पाजणारं हे कसलं प्रेत? 'तुला हे कसं कळलं?' हा प्रश्न कुठे मेलाय? मग तो विचारणाऱ्याला शिवी का?

---

विश्वामित्रीची_मगर | सोमवार, रात्री १०.०२

जागा धरून ठेवतो. पाण्याखाली आहे. दिसत नाही म्हणून नाही असं कुणी समजू नये.

---

कोकणसासर | सोमवार, रात्री १०.३१

छान लेख काका. सूर्यातल्या मूलद्रव्यांवरून आठवलं, माझं सासर देवगडकडचं. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत, तिथूनच १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने हेलियम शोधला. म्हणजे कोंतला उत्तर आपल्या कोकणाने दिलं!

---

फिजिक्सवाली_पोर | सोमवार, रात्री ११.१५

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ही गोष्ट दोन ग्रहणांची भेळ आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला जॉन्सेन हा फ्रेंच खगोलज्ञ गुंटूरला होता. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता आणि त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. सोडियमच्या जोडरेघांजवळ एक तिसरी पिवळी रेघ होती, साधारण ५८७.५ नॅनोमीटरची, ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नव्हती. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅमसेला १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच सापडून गेला होता. कट्टे खरे, साहेब खरा, साल चुकलं.

पण मुद्द्याला हे जास्तच उपयोगी आहे. १८६८ ते १८९५ ही २७ वर्षं हेलियम म्हणजे काय होतं? एक रेघ. कुणी हुंगला नाही, बाटलीत भरला नाही. माख त्या काळात "पाहिलाय का?" विचारत होता तो प्रश्न इथे विचारला असता, तर उत्तर 'रेघ पाहिलीय' एवढंच होतं. न्यूट्रिनोचंही तेच. पाऊलीने १९३० मध्ये हिशेब जुळावा म्हणून कण सुचवला, सापडला १९५६ मध्ये. मधल्या २६ वर्षांत त्यावर काम करणाऱ्यांना 'निरर्थक बोलताय' म्हणायचं का?

---

कोकणसासर | मंगळवार, सकाळी ७.४०

बापरे. माझ्या सासऱ्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही.

---

दांडियाबाजारकर | मंगळवार, सकाळी ८.०५

@पोर: शाब्बास. पण बघ, तू साल कसं दुरुस्त केलंस? नोंदी काढून, तारखा दाखवून. म्हणजे माझाच मुद्दा.

---

ऑक्टेन_९१ | मंगळवार, दुपारी ३.२०

कोयलीच्या रिफायनरीच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली, तेव्हा तत्त्वज्ञानात नाक न खुपसता लॅबमधलं सांगतो.

साध्या पेट्रोलचा ऑक्टेन नंबर ९१, असं आपण ऐकत आलोय. हे ९१ म्हणजे पेट्रोलमध्ये काय असतं? काही नसतं. ऑक्टेन नावाचा पदार्थ ९१ टक्के असतो असं लोकांना वाटतं, ते चूक. एक ठरावीक एक-सिलिंडरचं इंजिन असतं, त्याचं कॉम्प्रेशन चालू इंजिनात कमी-जास्त करता येतं. त्यात नमुना जाळायचा आणि नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन किती ठोकतं, ते बघायचं. मग आयसो-ऑक्टेन आणि नॉर्मल हेप्टेन या दोन शुद्ध इंधनांची मिश्रणं जाळायची. आयसो-ऑक्टेनला १००, हेप्टेनला ०, हे आपण ठरवलेलं. ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्याइतकंच तुमचं पेट्रोल ठोकत असेल तर त्याचा नंबर ९१. संपलं. इंजिन नाही तर ऑक्टेन नंबर नाही.

पुढची मजा. हे इंजिन ६०० फेऱ्यांवर चालवलं की एक आकडा येतो, त्याला रिसर्च नंबर म्हणतात. ९०० फेऱ्यांवर, आत जाणारं मिश्रण जास्त तापवून चालवलं की दुसरा, मोटर नंबर. त्याच बाटलीतलं पेट्रोल, पण आकड्यांत आठ-दहाचा फरक. नवीन पोरं विचारायची, "सर, खरा ऑक्टेन नंबर कुठला?" मी सांगायचो, खरा-खोटा नाही, पद्धत विचार. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात, म्हणून तिकडचं ८७ ऐकून आपण नाक मुरडायचं कारण नाही. फ्लॅश पॉइंटचंही (इंधनाची वाफ ठिणगीने पेटते ते तापमान) तसंच, झाकणाच्या कपात एक, उघड्या कपात त्याहून वरचा.

ब्रिजमन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये नेमकं हेच पुस्तकात लिहिलं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. संकल्पना म्हणजे ती मोजण्याची कृती, दुसरं काही नाही. माणूस उच्च दाबाच्या प्रयोगांतला, पुढे १९४६ चं नोबेल मिळालेला, हवेतल्या गप्पा मारणारा नव्हे. आमच्या लॅबमध्ये प्रत्यक्षार्थवाद कधी मेलाच नव्हता. रोज तीन शिफ्टमध्ये चालायचा.

---

विश्वामित्रीची_मगर | मंगळवार, दुपारी ३.२८

काका, हा प्रतिसाद फ्रेम करून पंपावर लावा. नाहीतरी हवा भरायच्या रांगेत लोक रिकामेच असतात.

---

पंतोजीण | मंगळवार, रात्री ९.१२

इतका वेळ नुसती वाचत होते. व्हिएन्नाच्या गप्पा चालल्यात आणि बडोद्याच्या धाग्यावर बडोद्याचं नाव नाही, हे बघवेना.

'प्रत्यक्ष हेच प्रमाण' हे म्हणणं आपल्याकडे चार्वाकांच्या नावावर आहे. अनुमान नको, कारण अनुमानाला व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचा कधीच न तुटणारा संबंध, लागते. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे सगळीकडचे, सगळ्या काळातले धूर पाहिल्याशिवाय म्हणायचं कसं? दांडियाबाजारकरांनी धातूंची जी अडचण सांगितली ती शब्दशः हीच. आणि नैयायिकांनी (न्यायदर्शनाच्या पंडितांनी) चार्वाकांना दिलेलं उत्तरही तुम्ही वर लिहिलंत तेच. 'अनुमान प्रमाण नाही' हे तुम्ही मला पटवताय ते कशाच्या जोरावर? अनुमानाच्याच ना! स्वतःच्या फांदीवर बसून कुऱ्हाड.

पण माझं आवडतं प्रकरण याच्या पुढचं आहे. पाटणच्या जैन भांडारात १९२६ मध्ये एक ताडपत्राची पोथी सापडली, जयराशिभट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह'. साधारण आठव्या-नवव्या शतकातला ग्रंथ. तो छापला गेला १९४० मध्ये, आपल्याच प्राच्यविद्या मंदिरातून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, क्रमांक ८७. संपादक पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख. सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली होती. 'डोळ्यांनी दिसतं ते तरी खरं कशावरून' असं विचारणारा ग्रंथ एका दृष्टिहीन पंडिताने सोडवला, हे मला दर वेळी थबकवतं.

जयराशी चार्वाकांचाच की त्यांच्याही पलीकडचा, यावर विद्वानांत वाद आहे. कारण तो अनुमानावर थांबत नाही, प्रत्यक्षालाही धरतो. न्यायसूत्रात प्रत्यक्षाच्या व्याख्येत 'अव्यभिचारि' असा शब्द आहे, म्हणजे न चुकणारं. जयराशी विचारतो, न चुकणारं हे कळलं कसं? निर्दोष इंद्रियांपासून झालं म्हणून? पण इंद्रियं निर्दोष आहेत हे कुठल्या इंद्रियाने पाहिलंत? पुढे कुणी खोडून काढलं नाही म्हणून? मृगजळ पाहून माणूस त्या वाटेने परत आलाच नाही, तर त्याचं ज्ञान कुणी खोडणार? त्यानुसार वागल्यावर काम झालं म्हणून? काम झालं हेही एक ज्ञानच, ते न चुकणारं कशावरून?

आता सांगा, पाश्चात्त्यांनी विसाव्या शतकात 'निरीक्षणसुद्धा थिअरीत भिजलेलं असतं' हे सांगितलं ते नवं काय सांगितलं?

---

फिजिक्सवाली_पोर | मंगळवार, रात्री १०.४०

बाई, भारी आहे हे! पण 'नवं काय' याला माझा आक्षेप आहे. जयराशी सगळंच पाडतो. विसाव्या शतकातली मंडळी विचारतात की पडझडीत नेमकी कुठली वीट काढायची. द्यूएम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये दाखवलं की प्रयोग एकट्या सिद्धांताची परीक्षा घेत नाही, सगळ्या गाठोड्याची घेतो. युरेनस वाट चुकत होता, तर लव्हेरिए या फ्रेंच खगोलज्ञाने न्यूटन नाही टाकला, नवा ग्रह मानला. १८४६ मध्ये नेपच्यून मिळाला. बुधाचीही कक्षा हलत होती, शतकाला ४३ विकला (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे विकला) जादा. त्याच लव्हेरिएने तोच डाव टाकला, सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह मानला. तो कधीच सापडला नाही. तिथे १९१५ मध्ये आइन्स्टाइनला न्यूटनच बदलावा लागला. बाहेरून दोन्ही वेळा परिस्थिती एकसारखी होती. कुठे वीट बदलायची आणि कुठे पाया, हे आधी सांगणारा नियम व्हिएन्नाकडे नव्हता. पॉपरकडेही नव्हता, असं माझं मत.

आणि प्रत्यक्षार्थवादाला मी पूर्ण टाकाऊ म्हणत नाही हं. हायझेनबर्गने १९२५ मध्ये 'इलेक्ट्रॉनच्या कक्षा दिसत नाहीत ना, मग टाका' म्हणूनच नवी गणितं उभी केली. पुढच्या वर्षी त्याने हे आइन्स्टाइनला मोठ्या हौसेने सांगितलं. त्याची अपेक्षा होती की हा माखचा चेला खूश होईल. हायझेनबर्गच्याच आठवणींनुसार आइन्स्टाइन म्हणाला की काय पाहता येतं हे थिअरीच ठरवते. माझ्या लेखी सगळी भानगड या एका वाक्यात आहे. कोंतने 'दिसण्याची' रेघ १८३५ मध्ये दगडावर कोरली आणि वर्णपटाने ती पुसली. माखने अणूंच्या अलीकडे कोरली, पेरँने पुसली. 'पुरावा दाखव' म्हणणं चूक नव्हतं. 'पुरावा म्हणून अमुकच चालेल आणि कायम तेच' हे चूक होतं.

---

दांडियाबाजारकर | मंगळवार, रात्री ११.०५

हे शेवटचं वाक्य माझ्या लेखात असायला हवं होतं. चिडलोय थोडा.

---

वाघोडियारोड | बुधवार, सकाळी ११.३०

सगळे एवढे गुळगुळीत बोलताय म्हणून जरा खडा टाकतो. हा वाद म्हणजे मोजता येईल तेवढंच जग, असं म्हणणाऱ्या कोरड्या लोकांचा कारखाना. कविता निरर्थक, नीती निरर्थक, प्रार्थना निरर्थक. असल्या विचाराने माणसाला आकडा केलं. तो मेला ते बरंच झालं.

---

दांडियाबाजारकर | बुधवार, दुपारी १.४५

@वाघोडियारोड: 'कोरडे' हे विशेषण नॉयराथला लावून बघा, जमत नाही. कामगारांना समाजाची आकडेवारी कळावी म्हणून व्हिएन्नात संग्रहालय काढणारा माणूस. न वाचता येणाऱ्यालाही समजेल अशी चित्रलिपी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवली. आज विमानतळावर दिसतात तसल्या चित्रखुणांच्या पूर्वजांत तिची गणना होते. 'कार्नॅपने हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाची वाक्यं निरर्थक म्हणून टर उडवली' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

आणि काळ बघा. २२ जून १९३६ ला श्लिकला विद्यापीठाच्याच जिन्यावर एका माजी विद्यार्थ्याने गोळ्या घातल्या. कारण खाजगी आणि डोकं फिरलेलं, पण नंतर काही वर्तमानपत्रांनी खुन्याचीच तळी उचलली आणि श्लिकला ज्यू ठरवलं. तो ज्यू नव्हताच. जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये खुनी सुटलासुद्धा. 'रक्त', 'माती', 'राष्ट्राचा आत्मा' असले शब्द रस्त्यावर गोळ्या घेऊन फिरत असताना कुणीतरी "या वाक्याचा अर्थ काय, ते तपासायचं कसं?" असं विचारत होतं. कोरडेपणा वाटत असेल, मला धाडस वाटतं.

नॉयराथची एक उपमा प्रसिद्ध आहे: आपण भर समुद्रात होडी दुरुस्त करणारे खलाशी आहोत, गोदीत नेऊन तळापासून नवी बांधायची सोय नाही. १९४० मध्ये जर्मन हॉलंडात शिरले तेव्हा हा गृहस्थ खरोखरच एका खच्चून भरलेल्या बचावनौकेतून इंग्लंडला निसटला.

---

वाघोडियारोड | बुधवार, दुपारी २.१०

माणसं चांगली असतील. नियम कोरडाच होता. कवितेचं उत्तर दिलं नाहीत.

---

खोकला_पडसे | बुधवार, रात्री ८.५५

दवाखाना आत्ता बंद केला. वाघोडियारोड यांच्या बाजूने एक छोटी साक्ष. मी रोज पेशंटला विचारतो, "दुखणं शून्य ते दहात किती?" एक बा (गुजराती आजी) सांगतात, "आठ, पण काल मुलगी आली होती तेव्हा तीन." हे रीडिंग कशाचं? उपकरण तेच, तपासणारा तोच. एके काळी मानसशास्त्रात वर्तनवाद्यांनी आतलं सगळं गाळून फक्त वागणं मोजायचं ठरवलं होतं. त्या बांचं वागणं मोजलं तर त्या दोन्ही दिवशी हिंचक्यावर बसून वाटाणे सोलत होत्या. तरी मी आठ लिहून घेतो, आणि औषध त्यावरच ठरवतो.

---

पंतोजीण | बुधवार, रात्री ९.३०

डॉक्टर, हे फार छान. आणि पोरी, तुझा आक्षेप मान्य, पण अर्धाच. जयराशी सगळं पाडून मोकळा होत नाही. ग्रंथाच्या शेवटाकडे तो म्हणतो की तत्त्वं अशी उधळली गेली तरी सगळे व्यवहार 'अविचारितरमणीय' म्हणून चालतातच. फार खोदलं नाही तोवर सुंदर. काय शब्द आहे! ऑक्टेनरावांच्या ९१ ला हा चिकटवून बघा.

आता धुराबद्दल एक विचारायचं होतं. तर्कसंग्रह हे न्यायाचं पाठ्यपुस्तक शिकवताना 'अग्नी आहे पण धूर नाही' याला तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं. रिफायनरीची ती उंच ज्वाळा असते, तिला कधी धूर असतो, कधी नसतो. असं का?

---

ऑक्टेन_९१ | गुरुवार, सकाळी १०.१५

बाई, त्या ज्वाळेला फ्लेअर म्हणतात, तिच्यात आम्ही वाफ सोडतो. वाफेने हवा नीट मिसळते, जळण पुरतं होतं, काजळी जाते. वाफ कमी पडली की काळा धूर. म्हणजे तुमचा लोखंडी गोळा नको, फ्लेअर सांगा, मुलं ओळखतील. आणि वाफ जरा जास्त झाली की वर पांढरा ढग दिसतो, लोक फोन करतात, "धूर निघतोय!" तो धूर नसतोच.

---

पंतोजीण | गुरुवार, सकाळी १०.४०

अहो, हेच! वाफेला धूर समजून अग्नीचं अनुमान करणं, हे आमच्याकडचं हजार-बाराशे वर्षं चालत आलेलं उदाहरण. आणि तुमच्याकडे फोन करणाऱ्याचं अनुमान चुकीच्या धुरावरून, पण अग्नी मात्र तिथे खरोखर असतो! कारण चुकीचं, निष्कर्ष बरोबर. याला ज्ञान म्हणायचं का, यावर उद्या तास घेते.

---

फिजिक्सवाली_पोर | गुरुवार, रात्री ११.५०

ऑक्टेनकाका, दोन दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय. तुमच्या व्याख्येप्रमाणे आयसो-ऑक्टेन म्हणजे १००. तुलना त्याच्याशीच. मग १०० च्या वरचा ऑक्टेन नंबर असूच शकत नाही, बरोबर? १०५ भाग आयसो-ऑक्टेन शंभरात बसणार कसे? पण इथेनॉलचा नंबर १०० च्या वर देतात.

---

ऑक्टेन_९१ | शुक्रवार, सकाळी ७.३०

बराबर पकडलंस. १०० च्या वर गेलं की आयसो-ऑक्टेनमध्ये ठरावीक मापाने शिशाचं संयुग घालतात आणि त्या मिश्रणाशी तुलना करतात. पट्टी लांबवली आहे.

---

फिजिक्सवाली_पोर | शुक्रवार, सकाळी ७.५२

मग ती 'तीच' पट्टी कशावरून? ब्रिजमन म्हणतो, मोजायची कृती बदलली की संकल्पनाच वेगळी. म्हणजे १०० च्या खालचा नंबर आणि वरचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. पण तुम्ही लोकांनी पट्टी लांबवताना म्हटलं की आपण तीच गोष्ट पुढे मोजतोय. म्हणजे इंजिनाच्या बाहेर, कृतीच्या मागे, 'न ठोकण्याची क्षमता' असं काहीतरी तुमच्या मनात आधीपासून होतं. नाहीतर पट्टी कुठल्या दिशेला लांबवायची हेच कळलं नसतं.

---

विश्वामित्रीची_मगर | शुक्रवार, सकाळी ८.००

(दोन डोळे पाण्यावर आले.)

---

दांडियाबाजारकर | शुक्रवार, सकाळी ९.२०

मगरशेठ, विनोद म्हणून लिहिलंत पण मुद्दा मोठा आहे. व्हॅन फ्रासेन म्हणून एक आहेत, त्यांनी १९८० मध्ये मांडलं की विज्ञानाने दिसणाऱ्या गोष्टींचा हिशेब बरोबर द्यावा, न दिसणाऱ्यांवर विश्वास ठेवायची सक्ती नाही. म्हणजे डोळे मोजा, खालच्या मगरीबद्दल मौन. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या तेव्हा हे मौन किती जणांना परवडलं असतं? याच्या उलट हॅकिंग नावाचा तत्त्वज्ञ. १९८३ मध्ये त्याने लिहिलं की इलेक्ट्रॉन फवारता येत असतील तर ते आहेत. वापरता येतं ते खरं. (व्हॅन फ्रासेनच्या बाजूने सांगायला हवं की मगर पाण्याबाहेर आली की दिसते, म्हणून तो तिला दिसणाऱ्यांतच धरेल. इलेक्ट्रॉनची गोष्ट वेगळी. म्हणजे माझं उदाहरण लंगडं आहे, पण मोडवत नाही.)

---

वाघोडियारोड | शुक्रवार, सकाळी ११.००

कविता अजून बाकी आहे.

---

ऑक्टेन_९१ | शनिवार, रात्री १०.३०

पोरी, तुझ्या प्रश्नाने शुक्रवार-शनिवार झोप घालवली. आधी वाटलं, हे शब्दांचे खेळ. मग आठवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा एका नमुन्याचं रीडिंग विचित्र आलं होतं. पद्धत तंतोतंत पाळलेली, इंजिन ठीक, मिश्रणं ठीक. ब्रिजमनच्या हिशेबाने तोच त्याचा ऑक्टेन नंबर, वाद संपला. पण माझे साहेब म्हणाले, "हे पेट्रोल असं वागणार नाही, परत कर." परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा कळलं की नमुन्याच्या बाटलीचं बूच नीट बसलेलं नव्हतं, हलका भाग उडून गेला होता. साहेबांनी रीडिंगवर अविश्वास दाखवला तो कशाच्या आधारावर? त्यांच्याकडे दुसरं रीडिंग नव्हतं.

तेव्हा 'इंजिन नाही तर नंबर नाही' हे वर मी ठासून लिहिलंय, ते ९१ पर्यंत मागे घेतो. १०० च्या वरचं अजून बघतोय. उद्या कामाटीबागेत येतो, पंतोजीण बाईंनी तो जयराशीचा उतारा छापून आणावा. अक्षर मोठं घ्या, माझ्या चष्म्याचा नंबर कुठल्या पद्धतीने काढलाय कोण जाणे.